पाकिस्तानात पोरं हरवत नाहीत, पंचविशीनंतरची माणसं हरवतात

प्रश्न असा आलाय की पाकिस्तानात गल्लोगल्ली १४५ किमी वेगाने बोलिंग टाकणारी पोरं आहेत असं आपण लहानपणापासून ऐकतो, मग त्यातली चांगली चांगली पोरं नॅशनल टीमपर्यंत पोचत का नाहीत, सिलेक्टर वशिल्यावर चालतात का, आणि खरंच अन्याय झालेले कोण कोण आहेत.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. क्रिकेट कोचिंगला २६ वर्षं झाली, त्यातली ११ शारजा आणि अजमानला गेली. तिथं माझ्या नेटवर निम्मी पोरं पाकिस्तानी होती, पेशावरकडची, सियालकोटची, कराचीची, आणि रमझानच्या नाइट टुर्नामेंटला तर पाकिस्तानात फर्स्ट क्लास खेळलेले लोक चार पैसे मिळवायला यायचे, त्यांच्याबरोबर सेहरीपर्यंत गप्पा व्हायच्या. परत आल्यावर आपल्याकडे जिल्हा पातळीवर चार सीझन अंडर-१६ आणि अंडर-१९ च्या सिलेक्शन कमिटीवर बसलो. म्हणजे खुर्चीच्या दोन्ही बाजू थोड्याफार बघितल्यात, आणि म्हणून सिलेक्टरला सरसकट शिव्या घालणारं उत्तर मी देणार नाही.

माझं मत सरळ आहे. पाकिस्तान तरुण पोरांकडे दुर्लक्ष करतं हे खरं नाही, उलट तरुण पोरांना तिथं जितक्या झटपट कॅप मिळते तितकी कुठंच मिळत नाही. हसन रझाला १९९६ ला झिम्बाब्वेविरुद्ध फैसलाबादला टेस्ट खेळवली तेव्हा त्याचं वय १४ वर्षं २२७ दिवस सांगितलं गेलं (ते वय खरं का यावर नंतर वाद झाला तो वेगळा), नसीम शाह २०१९ ला ब्रिस्बेनला १६ व्या वर्षी खेळला. दुर्लक्ष होतं ते २१-२२ ला एखादा चान्स हुकलेल्या किंवा कधी नजरेतच न भरलेल्या आणि मग गुपचूप डोमेस्टिकमध्ये (देशातल्या स्पर्धांत) ढिगाने रन आणि विकेट काढत बसलेल्या माणसाकडे. तो पंचवीसचा झाला की 'जुना माल' ठरतो. आणि मग टीम कुठंतरी जोरात आपटली की तोच ३४ व्या, ३६ व्या वर्षी आठवतो.

फवाद आलमचं प्रकरण बहुतेकांना वरवर माहिती असतं, पण ते नीट बघायला हवं कारण सगळी गोम त्यातच आहे. कराचीचा डावखुरा, वडील तारिक आलम स्वतः फर्स्ट क्लास खेळलेले, २००४ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये होता. जुलै २००९ ला कोलंबोला टेस्ट डेब्यू, दुसऱ्या डावात ओपनिंगला जाऊन १६८. पदार्पणात परदेशात शतक मारणारा पहिला पाकिस्तानी. त्यानंतर अजून दोन टेस्ट, शेवटची नोव्हेंबरमध्ये ड्युनेडिनला, आणि बाहेर. बाहेर म्हणजे किती, तर पुढची टेस्ट ऑगस्ट २०२० ला साउदम्प्टनला. मधे पाकिस्तानने ८८ टेस्ट खेळल्या! त्या दहा वर्षांत हा माणूस डोमेस्टिक फर्स्ट क्लासमध्ये एकंदर ५५ च्या वर सरासरीने खेळत होता, म्हणजे एखादा सीझन लागला आणि एखादा गेला असं नाही, वर्षानुवर्षं.

का नाही घेतला? एक कारण त्याचा स्टान्स. छाती जवळजवळ स्क्वेअर लेगकडे, पाय फाकलेले, बोलर धावत येईपर्यंत खेकड्यासारखा उभा, आणि मग चेंडू सुटायच्या वेळी हलून बरोबर जागेवर. बघणाऱ्याला वाटतं हा पहिल्याच बाउन्सरला जाईल. मी कोच म्हणून सांगतो, स्टान्स बघायचा नसतो, चेंडू हातातून सुटताना डोकं कुठंय आणि बॅट कुठून खाली येतेय ते बघायचं असतं, आणि त्या क्षणी फवाद कुठल्याही पुस्तकी बॅट्समनइतकाच नीट असायचा. पण सिलेक्शनच्या टेबलावर 'इंटरनॅशनलला चालणार नाही' हे वाक्य एकदा कुणी बोललं की ते त्या पोराला वर्षानुवर्षं चिकटतं, हे मी आमच्या छोट्या टेबलावर पण अनुभवलंय. एका ऑफ स्पिनरबद्दल आमच्यातल्या एकाने 'ॲक्शन बरोबर वाटत नाही' असं सहज म्हटलं, कुणी व्हिडिओ मागवला नाही, कुणी टेस्ट केली नाही, आणि दोन सीझन त्याचं नाव आलं की सगळे मान हलवायचे. मी पण हलवली. आज त्याचं वाईट वाटतं.

दुसरं कारण मात्र न्यायाचं आहे आणि ते सांगायलाच पाहिजे. २०१० ते २०१६ मध्ये पाकिस्तानची मिडल ऑर्डर अझहर अली, युनिस खान, मिसबाह, असद शफीक अशी होती आणि त्यांनी यूएईत (तेव्हा पाकिस्तानात टेस्ट होत नव्हत्या) घर नसताना घर केलं, ऑगस्ट २०१६ ला टेस्टमध्ये नंबर वन झाले. तिथं फवादला जागा कुठं होती असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. पण मे २०१७ ला मिसबाह आणि युनिस एकदमच रिटायर झाले, दोन जागा रिकाम्या. २०१८ च्या आयर्लंड-इंग्लंड दौऱ्याच्या कॅम्पला फवादला बोलावलं, आणि टीम जाहीर झाली त्यात नाव नाही. त्याच्या जागी दुसरा मिडल ऑर्डर बॅट्समन म्हणून साद अली गेला, ज्याने २०१७-१८ च्या कायदे आझम ट्रॉफीत (म्हणजे त्यांची रणजी) सगळ्यात जास्त म्हणजे ९५७ रन केले होते, आणि उस्मान सलाहुद्दीन. आता पुढे काय झालं बघा. साद अली दौऱ्यावर फिरून आला, पुढं पण स्क्वॉडमध्ये होता, टेस्ट एकही मिळाली नाही. उस्मान सलाहुद्दीन लीड्सला एक टेस्ट खेळला, ४ आणि ३३, खेळ संपला. म्हणजे फवादवर अन्याय करून ज्यांना नेलं त्यांच्यावरही अन्यायच केला, हे कुणी बोलत नाही. डोमेस्टिकचा टॉप स्कोअरर तुम्ही नेता आणि खेळवत नाही, मग बाकीच्या पोरांनी त्या रन्सचा अर्थ काय लावायचा?

फवाद परत आला तेव्हा पहिल्याच डावात शून्यावर गेला, आणि मला वाटलं झालं, आता पुन्हा दहा वर्षं. पण डिसेंबर २०२० ला माउंट मौंगानुईला चौथ्या डावात १०२, जानेवारीत कराचीला साउथ आफ्रिकेविरुद्ध १०९, हरारेला १४०, किंग्स्टनला नाबाद १२४. २२ डावांत पाच शतकं, आशियातल्या कुणाही बॅट्समनपेक्षा लवकर. वय ३५. मग २०२२ ला चारपाच डाव खराब गेले आणि परत बाहेर, पुढं अमेरिकेत लीग खेळायला गेला. १९ टेस्ट, १०११ रन. जो माणूस २४ ते ३४ वयात हे करू शकला असता त्याला ती दहा वर्षं कोण परत देणार.

वनडेतही तेच, २०१४ च्या एशिया कप फायनलला मिरपूरला श्रीलंकेविरुद्ध टीम कोसळली असताना नाबाद ११४, आणि २०१५ च्या वर्ल्ड कपला नाव नाही.

आता हे असं का होतं याचं मूळ, मला विचाराल तर, पाकिस्तानच्या सगळ्यात सुंदर गोष्टींमध्येच आहे. वसीम अक्रम नेटमध्ये दिसला, मियांदादने बघितला, डोमेस्टिक जवळपास न खेळता १९८४ ला टीममध्ये. वकार युनिस इमरान खानने टीव्हीवर बघितला आणि १९८९ ला शारजाला नेला. त्याच्याही आधी १९८० ला कराचीत तौसीफ अहमद नावाचा ऑफ स्पिनर ऑस्ट्रेलियाच्या टेस्टआधी नेटला बोलिंग टाकायला आला तो सरळ टेस्ट खेळला आणि मॅचमध्ये ७ विकेट काढल्या. या गोष्टी पाकिस्तानात प्रत्येक पोराला पाठ असतात, माझ्या नेटवरची पोरं तर त्या दिवशी कुणी काय कपडे घातले होते इथपर्यंत सांगायची. त्यातून एक श्रद्धा तयार झाली की खरं टॅलेंट हे 'नजरेला' दिसतं, मोठ्या माणसाने एक ओव्हर बघितली की कळतं. आणि ही श्रद्धा खोटी नाही हो, वसीम आणि वकार खरंच होते! पण नजर फास्ट बोलरचा वेग ओळखते, रिस्ट स्पिनरचा टर्न ओळखते. पाचव्या दिवशी पाटा पिचवर सहा तास उभं राहणं, १३० च्या वेगात एकाच टप्प्यावर २२ ओव्हर टाकणं, हे नजरेला दिसत नाही, ते वहीतच, म्हणजे वर्षानुवर्षांच्या स्कोअरच्या नोंदीतच दिसतं. आणि पाकिस्तानात वही वाचायची सवय कधी लागली नाही.

मोहम्मद अब्बास घ्या. सियालकोटजवळच्या गावचा, चामड्याच्या कारखान्यात काम केलेलं, वेल्डिंग केलेलं, २७ व्या वर्षी म्हणजे २०१७ ला टेस्ट मिळाली. वेग बेताचा. २०१८ ला यूएईच्या त्या मेलेल्या पिचवर ऑस्ट्रेलियाच्या दोन टेस्टमध्ये १७ विकेट, त्यात अबुधाबीला मॅचमध्ये ९५ रन देऊन १०. पंचवीस टेस्टमध्ये ९० विकेट, सरासरी २३ च्या आसपास, असा बोलर ऑगस्ट २०२१ नंतर बाहेर, कारण 'पेस नाही'. तो हॅम्पशायरला जाऊन कौंटीत ढीगभर विकेट काढत राहिला, इकडे पाकिस्तान घरच्या पिचवर १४० वाले लोक घेऊन हरत राहिलं. डिसेंबर २०२४ ला सेंच्युरियनला परत घेतला तर दुसऱ्या डावात ५४ रनमध्ये ६ विकेट, १४८ चं टार्गेट साउथ आफ्रिकेला आठ विकेट गेल्यावर मिळालं. तीन वर्षांनी आलेला माणूस, पहिल्याच मॅचमध्ये.

वही वाचायची सवय नाही म्हटलं, पण वही वाचता येईल अशी ठेवली पण नाही, हे पण तितकंच खरं. १९७० च्या दशकात बोर्डाचे प्रमुख कारदार यांनी डिपार्टमेंटचं क्रिकेट उभं केलं, म्हणजे बँका, पीआयए, रेल्वे, वापडा, कस्टम्स, पुढं सुई नॉर्दर्न गॅस, केआरएल वगैरे, जिथं खेळाडूला नोकरी मिळायची आणि महिन्याचा पगार यायचा. आपल्याकडे मुंबईत टाइम्स शील्डच्या टीम होत्या ना, निर्लॉन, मफतलाल, टाटा, तसंच पण तिथं ते फर्स्ट क्लास दर्जाचं. २०१९ ला इमरान खान पंतप्रधान असताना ऑस्ट्रेलियासारखं मॉडेल पाहिजे म्हणून डिपार्टमेंट बंद आणि सोळा रीजनच्या जागी सहा टीम. क्रिकेटच्या अंगाने त्यात दम होता, मी आजही म्हणतो, सहा टीममध्ये स्पर्धा कडक झाली, पिचेस सुधारली, कुकाबुरा बॉल आला. पण शेकडो खेळाडूंची नोकरी गेली. त्या वर्षी कराचीत एक फर्स्ट क्लास खेळलेला ओपनर भाड्याची पिकअप गाडी चालवताना दिसला, त्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला तेव्हा शारजातली पोरं दिवसभर गप्प होती. मग डिसेंबर २०२२ ला बोर्डात माणसं बदलली, सहा टीम रद्द, २०२३ ला आठ रीजन आणि डिपार्टमेंट परत. २०२४ ला वर अजून एक पाच टीमचा चॅम्पियन्स कप, मिसबाह, वकार, शोएब मलिक, सर्फराज, सकलेन असे मेंटॉर, आणि त्याच वर्षी कायदे आझम ट्रॉफी १८ टीमची. २०२५ ला ती परत कमी करून १० टीमची.

आता तुम्ही सिलेक्टर आहात असं समजा. एका पोराने २०१८ ला ६० च्या सरासरीने रन केले, दुसऱ्याने २०२१ ला ४५ ने, तिसऱ्याने २०२४ ला ५५ ने. पहिल्याच्या वेळी सोळा टीम, हिरवी पिच आणि १२५ ने टाकणारे मिडियम पेसर, दुसऱ्याच्या वेळी सहाच टीम, तिसऱ्याच्या वेळी अठरा. मोठा कोण? माझ्या हिशोबाने ते ४५ सगळ्यात भारी आहेत, पण हे कळायला तुम्हाला त्या सहा वर्षांत सतत तिथं बसलेलं असायला लागतं, आणि सतत कुणीच बसलेलं नाही. २०१६ ते २०१९ इंझमाम, मग मिसबाह कोच आणि चीफ सिलेक्टर दोन्ही, मग मोहम्मद वसीम, मग थोडे दिवस शाहिद आफ्रिदी, मग हरून रशीद, मग परत इंझमाम तीन महिने, मग वहाब रियाझ, मग मार्च २०२४ ला सात जणांची कमिटी ज्यात चीफच नाही, मग ऑक्टोबर २०२४ ला आकिब जावेद, अझहर अली, असद शफीक आणि चक्क अंपायर अलीम दार असलेली नवीन कमिटी. बोर्डाचे चेअरमन पण २०२१ ते २०२४ मध्ये रमीज राजा, नजम सेठी, झका अश्रफ, मोहसिन नक्वी. नवीन माणूस आला की त्याला रिझल्ट लगेच दाखवायचा असतो, म्हणून तो एकतर मोठी नावं ठेवतो नाहीतर पीएसएलमध्ये (त्यांची आयपीएलसारखी टी-२० लीग) चार मॅच गाजवलेला १९ वर्षांचा पोरगा घेतो, कारण दोन्हीचा बचाव करणं सोपं असतं. तिसरा, म्हणजे २७ वर्षांचा, आठ सीझनवाला, त्याचा बचाव करायला वही लागते.

अलीम दारवरून लोकांनी टिंगल केली होती, पण मला तो निर्णय आवडला होता. अंपायर हा एकच माणूस असा की जो वर्षानुवर्षं डोमेस्टिकमध्ये २२ यार्डावरून सगळं बघतो. आणि त्या कमिटीने काय केलं बघा. ऑक्टोबर २०२४ ला इंग्लंडविरुद्ध मुलतानच्या पहिल्या टेस्टमध्ये पाकिस्तानने ५५६ केले आणि तरी डावाने हरले, इंग्लंड ८२३ वर ७ डिक्लेअर, ब्रूक ३१७, रूट २६२. दुसऱ्या टेस्टला बाबर, शाहीन, नसीम बाहेर, तीच वापरलेली पिच मोठाले पंखे लावून सुकवली, आणि आत कोण, तर कामरान गुलाम, साजिद खान, नोमान अली. तिघंही डोमेस्टिकचे.

कामरान गुलाम, अप्पर दीरचा, २०२०-२१ च्या कायदे आझम ट्रॉफीत १२४९ रन, एका सीझनचा रेकॉर्ड, त्याआधीचा १९८३-८४ पासून कुणी मोडला नव्हता. म्हणजे माझ्या हिशोबातल्या त्या कडक सहा टीमवाल्या काळातले रन. त्यानंतर स्क्वॉडमध्ये नाव यायचं, बेंचवर बसायचा, टीमला पाणी द्यायचा, परत जायचा. २०२३ ला वनडे डेब्यू झाला तो पण दुसऱ्याला डोक्याला लागलं म्हणून कन्कशन सब, आणि बॅटिंगच आली नाही. चार वर्षांनी, २९ व्या वर्षी, बाबरच्या जागी चौथ्या नंबरवर गेला आणि ११८. नोमान अली, सिंधमधल्या सांघर जिल्ह्यातल्या खिप्रोचा, ज्याचा टेस्ट डेब्यूच ३४ व्या वर्षी झाला, त्याने दुसऱ्या डावात ४६ रनमध्ये ८ काढल्या. साजिदने पहिल्या डावात ७. वीसच्या वीस विकेट या दोघांनी, १९७२ नंतर पहिल्यांदा टेस्टमध्ये असं झालं. पुढची रावळपिंडीची टेस्ट पण जिंकली, दोन टेस्टमधल्या ४० पैकी ३९ विकेट दोघांच्या. साजिदने २०२१ ला ढाक्यात ४२ रनमध्ये ८ काढून दाखवल्या होत्या, आणि त्यानंतरच्या जवळजवळ तीन वर्षांत त्याला कितीदा खेळवलं ते स्कोअरकार्ड उघडून बघा, जीव तुटतो.

आता वयांची ओळ बघा. झुल्फिकार बाबर, ओकाराचा, टेस्ट डेब्यू ३४ व्या वर्षी. नोमान ३४. ताबिश खान ३६, ५९८ फर्स्ट क्लास विकेट घेतल्यानंतर हरारेला एक टेस्ट, पहिल्याच ओव्हरमध्ये विकेट, आणि दुसरी टेस्ट कधीच नाही. ऑक्टोबर २०२५ ला रावळपिंडीला आसिफ आफ्रिदी ३८ वर्षं पूर्ण झाल्यावर, ७९ रनमध्ये ६, पदार्पणात पाच विकेट घेणारा टेस्टच्या इतिहासातला सगळ्यात वयस्क बोलर (त्याच्यावर मधे बोर्डाची बंदी होती, त्यामुळं त्याचा सगळा उशीर सिलेक्टरच्या माथी मारता येत नाही). मिसबाह स्वतः ३६ व्या वर्षी कॅप्टन झाला आणि पाकिस्तानचा सगळ्यात जास्त टेस्ट जिंकलेला कॅप्टन ठरला. इतक्या लोकांनी इतक्या उशिरा येऊन काम केलंय म्हणजे ते आधीही करू शकले असते.

आपल्याकडेही हे झालंय, कुणी म्हणेल. झालंय ना. पद्माकर शिवलकर, ५८९ फर्स्ट क्लास विकेट, एकही टेस्ट नाही. अमोल मुजुमदार, ११ हजारावर रन, डेब्यूला २६०, एकही टेस्ट नाही, २०२५ ला कोच म्हणून नवी मुंबईत महिलांचा वर्ल्ड कप जिंकून दिला तेव्हा मैदानावरच्या कितीतरी जणांचे डोळे भरले. पण फरक आहे. शिवलकरांच्या पुढे बेदी होते. अमोलच्या पुढे द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. त्या दोघांना नाही घेतलं तेव्हा जो खेळला तो जगातला सर्वोत्तम होता, दुःख होतं पण कारण समजतं. फवादला २०१८ ला नाही घेतलं तेव्हा समोर कोण होतं?

वशिल्याचं विचारलंत. तिथं त्याला 'पर्ची' म्हणतात, म्हणजे चिठ्ठी घेऊन आलेला. इमाम उल हकला वर्षानुवर्षं पर्ची म्हणून हिणवलं कारण चीफ सिलेक्टर इंझमाम त्याचा काका. पण इमामने वनडे डेब्यूला शतक मारलं आणि मालाहाइडला आयर्लंडविरुद्ध टेस्ट अडकली असताना नाबाद ७४ करून काढून दिली, त्यामुळं त्याचं उदाहरण मी देणार नाही. कराची विरुद्ध लाहोर हा वाद पण खूप जुना आणि खूप गरम आहे, फवाद, ताबिश, आसिफ झाकिर हे सगळे कराचीचे म्हणून कराचीवाले पेटून बोलतात. आसिफ झाकिरने इतकी वर्षं रन केले आणि पाकिस्तानसाठी एकही मॅच नाही, तेव्हा त्यांचा राग मला कळतो. पण माझ्या अनुभवात वशिला खालच्या पातळीवर जास्त असतो, अंडर-१६ ला, डिस्ट्रिक्टला, ग्रेड टू ला, जिथं टीव्ही नाही आणि कुणी बघत नाही. वरच्या पातळीवर वशिल्यापेक्षा घाबरटपणा जास्त.

आणि जे निघून जातात त्यांचं कुणी मोजत नाही. इमरान ताहिर लाहोरचा, पाकिस्तान अंडर-१९ खेळला, ए टीमला खेळला, साउथ आफ्रिकेत जाऊन ३१ व्या वर्षी वनडे डेब्यू आणि पुढं वनडे, टी-२० दोन्हीत नंबर वन बोलर. सामी अस्लम, २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कप फायनलचा कॅप्टन, १३ टेस्ट खेळलेला डावखुरा ओपनर, २५ चा असताना अमेरिकेला निघून गेला कारण परत कुणी विचारत नव्हतं. आणि ६ जून २०२४ ला डल्लासला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं तेव्हा ती ओव्हर कुणी टाकली, तर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, जो २०१० ला भारताकडून अंडर-१९ वर्ल्ड कप खेळला, मुंबईकडून एक रणजी मॅच मिळाली, आणि मग शिकायला कॉर्नेलला गेला. मला त्या रात्री आनंद पण झाला आणि माझ्या शारजाच्या पोरांची आठवण पण आली. सौरभकडे इंजिनियरिंगची डिग्री होती. पेशावरच्या पोराकडे क्रिकेट सोडून दुसरं काय असतं, ते मी बघितलंय.

तरुणांबद्दल मूळ प्रश्न होता म्हणून एहसानउल्लाहचं सांगतो, कारण तो नेमका उलटा प्रकार आहे. स्वातचा फास्ट बोलर, २०२३ च्या पीएसएलमध्ये मुलतानसाठी २२ विकेट, क्वेटाविरुद्ध १२ रनमध्ये ५, वेग १५० पर्यंत. मार्चमध्ये लगेच अफगाणिस्तानविरुद्ध टी-२०, पहिल्याच ओव्हरमध्ये दोन विकेट, एप्रिलमध्ये वनडे, आणि कोपर गेलं. दुखणं वेळेत ओळखलं गेलं नाही आणि उपचार चुकले असं बोर्डाच्याच चौकशीत पुढं आलं. त्या पोराचा पूर्ण डोमेस्टिक सीझन झाला असता, वर्षाला किती ओव्हर टाकतोय याची कुठंतरी नोंद असती, तर वेग बघून पाच आठवड्यात त्याला असा पळवला नसता असं मला वाटतं. वेग बघून उचलणं आणि वही न ठेवणं, दोन्ही एकाच घरातून येतात.

काय करायला पाहिजे हे विचारलेलं नाही, पण एक सांगतोच. पाच वर्षं तीच टुर्नामेंट, त्याच टीम, तोच बॉल. सिलेक्टर कुणीही ठेवा, आकडे आपोआप बोलायला लागतील. आणि दुसरं, स्क्वॉडमध्ये घेतला की त्याला तीन मॅच सलग, चांगलं खेळो की वाईट. उस्मान सलाहुद्दीनला अजून दोन टेस्ट दिल्या असत्या तर काय झालं असतं ते मला माहिती नाही, पण त्याला तरी माहिती झालं असतं.

शारजात माझ्याकडे मर्दानचा एक डावखुरा फास्ट बोलर होता. दिवसा टायरच्या दुकानात, रात्री नेटला. आत येणारा बॉल इतका उशिरा वळायचा की आमचे चांगले बॅट्समन पॅड पुढं करून उभे राहायचे. दोनदा रजा काढून ट्रायलला गावी गेला. पहिल्यांदा सहा बॉल टाकायला मिळाले, दुसऱ्यांदा चार, कारण मागं दीडदोनशे पोरं लाइनमध्ये होती. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा २४ चा होता, आणि मला म्हणाला, सरजी, मी तिथं सगळ्यात म्हातारा होतो. मी निघालो तेव्हा तो ३१ चा होता आणि अजून शुक्रवारच्या लीगमध्ये नवीन बॉल त्याच्याच हातात असायचा.